पत्र्यावरची ठकठक

धाकटी: ...छावणीत पहिल्याच दिवशी आमच्या जुन्या ड्रायव्हरबाईंनी बजावलं होतं, "दुपारी तीननंतर पाण्याला तोंड लावू नकोस." मी हसले होते गं ताई. म्हटलं, लढाईवर आलोय की सासरी!

ताई: ते तिकडचं झालं. इथे नर्स दोनदा सांगून गेली, पाणी पी, म्हणजे दूध येईल. दोन आठवड्यांचं लेकरू कोरडं चोखतंय. आणि जेवणानंतर भरून ठेवलेला तांब्या तसाच!

धाकटी: वाजले किती?

ताई: चार.

धाकटी: मग नाही जात घशाखाली.

ताई: वर्ष झालं तुला परत येऊन. असं काय होतं तिथे?

धाकटी: संडास छावणीच्या पार टोकाला, उभ्या ट्रकांच्या मागे. सहाशे पुरुष आणि आम्ही अकरा जणी. अंधार पडल्यावर तिकडे जायची वेळच येऊ नये, म्हणून.

ताई: शत्रूची भीती?

धाकटी: शत्रू नदीपलीकडे होता.

(ताई बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेते.)

ताई: हं. बोल.

धाकटी: जावंच लागलं तर जोडीनं. माझी जोडी फौजदारीण. नाव मीच पाडलेलं. बुटाची नाडी सुटलेली दिसली तरी कॅप्टनलासुद्धा दटावायची ती. एक आत, दुसरी बाहेर, हातात गाडीचा पाना, पत्र्यावर ठक, ठक, ठक. थांबायचं नाही. आतलीला कळायला हवं, बाहेर कुणीतरी आहे. आणि बाकीच्यांनाही.

ताई: फोनवर तर म्हणायचीस, जेवण बेचव आहे. एवढंच.

धाकटी: तेही खरंच होतं.

ताई: मग?

धाकटी: त्या दिवशी रस्त्यात सुरुंग फुटला. आमच्या पुढचा ट्रक उडाला. दोघं गेले. चौदा तास स्टिअरिंगवर होते मी. दिवेलागणीला फौजदारीण म्हणाली, "चल ना." मी म्हटलं, "आज जा गं तू एकटी, पाय उचलत नाहीत माझे." बूटसुद्धा काढले नव्हते, ताई. उठता आलं असतं.

ताई: ...कोण होता?

धाकटी: आमच्या गाड्यांत डिझेल भरणारा. त्या दोघांना उतरवून घेताना ढसाढसा रडला होता.

ताई: तक्रार नाही केली?

धाकटी: केली की. साहेबांनी तिला विचारलं, "एकटी का गेलीस?" मग मला बोलावलं. "तुम्ही सोबत होतात?" नाही. "मग तुम्हाला काय माहीत?" मी सही केली आणि बाहेर आले.

ताई: आणि तो?

धाकटी: बदली. दुसऱ्या छावणीत. तिथेही बायका होत्याच.

ताई: ती कुठे आहे आता?

धाकटी: पाच महिन्यांपूर्वी नोकरी सोडून आली. तुझ्याच गावात, तुझ्या बँकेच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरची खोली. एकटीच असते. दर रविवारी फोन असायचा. बाळ झाल्याचं कळवलं तर म्हणाली, "मुलगी? हिला एकटीला कुठे पाठवू नकोस हं." त्यानंतर अकरा दिवस झाले, फोन उचलत नाही.

ताई: अकरा दिवस! आणि मला आत्ता सांगतेस?

धाकटी: कुठल्या तोंडाने सांगू? मलाच जायला हवं. पण हिला घेऊन सात तासांचा प्रवास... आणि टाके अजून ओले.

ताई: तू नको. उद्या निघणार होते, ते आजच निघते. पाचची गाडी मिळेल. पण आधी हे पी. संडासला जावं लागलं तर दाराबाहेर उभी राहते मी, झालं?

धाकटी: अर्धंच.

ताई: अर्धं तर अर्धं. ...हं, अस्सं. आता सांग, मला ओळखतसुद्धा नाही ती. दार उघडेल? नाहीच उघडलं तर मी शिंप्याला घेऊन कडी तोडीन, सांगून ठेवते.

धाकटी: आधी हाक नको मारूस. अनोळखी आवाज ऐकला की ती श्वाससुद्धा घेणार नाही. पर्समध्ये किल्ल्या आहेत ना तुझ्या? त्या दारावर वाजव. ठक, ठक, ठक. सावकाश. आणि ताई, मध्ये थांबू नकोस.