कोपऱ्यातली पणती

पत्र आलं तर ते वाचावं, एवढीही तसदी काही लोक घेत नाहीत! कापसाच्या तेजीत बाबा आणि अकोल्याचे काका भांडले आणि तीन वर्षं बोलणं बंद. तो अबोला मोडायचाच म्हणून मी काकांसाठी दिवाळीचं शुभेच्छापत्र केलं. लोहाराकडून पणतीच्या आकाराचा धारदार ठसा करवला आणि हातोडीच्या एका घावात जाड कागदाचा कोपरा कापून पत्र टपालात टाकलं. कोपरा कापलेलं पत्र म्हणजे मयताची खबर, हे कॉलेजात गेल्यापासून मी साफ विसरलो होतो.

ऐन दिवाळीच्या तोंडावर काका रडतच आमच्या अमरावतीच्या दारात बैलगाडीतून उतरले. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते.

"दादा, तू जिता हायेस?" काका भडकले. "गाडी फिरव रे!"

गाडीवान म्हणाला, "बैल सोडले म्या, मालक. आता दिवाळी करूनच जाऊ."