खीर न सांडणारे टायर

नंदिनी : हे पाहा, मांडीपर्यंत ओली झाली मी! हिंगणघाटवरून काठोकाठ भरून घेतलेलं पाण्याचं पातेलं, हा गंज, जाम गावाले पोचेपर्यंत अर्धा झाला. अन तुम्ही इथं टायर पाहून राह्यले का बांगड्या? एकेकाले हात लावू लावू!

प्रेमदास : जरा हळू बोल ना. भूपेंद्रभाऊंचं दुकान आहे, गिऱ्हाइकं ऐकतात. आणि अर्धा नाही, पाऊण आहे अजून.

भूपेंद्र : मी काहीच ऐकलं नाई, सर. पण मॅडम, एक गोष्ट समजली नाई. पाण्याचा गंज मांडीवर घेऊन काऊन फिरता? दुकानात थंडं पाणी हाय नं.

नंदिनी : सांगा आता, हेडमास्तर. का मी सांगू?

प्रेमदास : तूच सांग. माझी फजिती तुझ्या तोंडून जास्त रंगते.

नंदिनी : आमच्या काजलचं डोहाळेजेवण झालं मांगच्या महिन्यात, सासरच्या गावी, आष्टीच्या सभागृहात. जेवणं झाल्यावर हे म्हणे, विहीणबाई, चला, माझ्या गाडीत घरापर्यंत सोडून देतो. सोडतात कसले, लाल गाडी दाखवाची होती! वच्छलाबाई बिचाऱ्या बसल्या मांग, मांडीवर उरलेल्या खिरीचा गंज. अन गतिरोधक आला...

प्रेमदास : गतिरोधक तिथंच होता. आलो मी.

नंदिनी : अशी खीर उडाली, भाऊ! विहीणबाईच्या नव्या लुगड्यावर, चष्म्यावर, अन वर गाडीच्या छताले. शेवया अजून चिकटून हाय छताले.

प्रेमदास : एकच शेवई आहे. तीही वाळली म्हणून निघत नाही.

भूपेंद्र : अरे बाप रे! मंग?

नंदिनी : मंग काय? उद्या काजलले बाळंतपणासाठी आणाचं हाय. पह्यलं बाळंतपण माहेरी, अन न्याले बाप येते, हे तं चालतच आलं. पण विहीणबाईनं फोनवर निरोप देल्ला. म्हणे, गाडी घेऊन या, पण पह्यले त्या गाडीत मी बसीन. मांडीवर खिरीचा गंज, काठोकाठ. दारापासून बसस्टँडपर्यंत अन वापस. थेंब सांडला, तं सूनबाई आमच्या जीपमध्ये येईन, तुम्ही मांगमांग या.

भूपेंद्र : कमाल बाई हाय! सर, सिधी गोष्ट करा नं. उद्याच्या दिवस भाड्यानं मोठी गाडी सांगा. माझ्या ओळखीचा हाय एक.

प्रेमदास : नाही, भूपेंद्रभाऊ. ते सोडून बोला.

भूपेंद्र : काऊन?

प्रेमदास : पोरीची पाठवणी केली तेव्हा आमच्याकडं गाडी नव्हती. भाड्याच्या गाडीत बसवून दिली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पाहत उभा होतो, आणि त्या गाडीच्या काचेवर मागून लिहिलेलं, 'भाड्याने मिळेल', खाली मोबाइल नंबर. तो नंबर मला अजून पाठ आहे. त्यानंतर ही लाल गाडी घेतली मी. आणताना तरी पोरगी बापाच्या गाडीत आली पाहिजे.

नंदिनी : म्हणून तं मी पाणी अंगावर घेऊन राह्यली. नाईतर मले काय हौस हाय?

भूपेंद्र : बरं, मंग ऐका. तुमचे आताचे टायर तं गेलेच. हे पाहा, दोघाले बाजूनं फुगा आला. खड्ड्यात रिमचा मार बसला. कधीबी फुटन.

प्रेमदास : हे टायर तुम्हीच दिले होते, दिवाळीत.

भूपेंद्र : देल्ले मीच. पण मांगतले कोणी? 'भूपेंद्रभाऊ, मोठे रिम टाका, पातळ टायर टाका, गाडी कशी जमिनीले चिकटून गेली पाह्यजे', असं कोण म्हणे?

प्रेमदास : म्हटलं होतं. त्या दिवशी वय घरी विसरून आलो होतो. पण शाळेतली पोरं फाटकाशी उभी राहून रिम पाहायची, भाऊ. इतकी वर्षं मी गणित शिकवलं, फळ्याकडं कोणी असं पाहिलं नाही.

भूपेंद्र : तं आता दोन माल हाय. हा पातळ, चौडा. रस्ता पकडून ठेवते, अन दिसाले एकदम हिरो. दुसरा हा, उंच अन नरम. याच्यात रबर जास्त, हवा जास्त. खड्डा टायरच खाते, आत बसणाऱ्याले लागू देत नाई. पण दिसाले...

प्रेमदास : दिसायला काय?

भूपेंद्र : सच बोलू? गाडी रिटायर झाल्यावानी दिसन.

प्रेमदास : म्हणजे माझ्यासारखी. डोक्यावर केस नाहीत, पोट माझ्याआधी वर्गात शिरतं, गुडघे कुरकुरतात. घरात एक ती गाडीच तरणी होती.

नंदिनी : अन मी?

प्रेमदास : भूपेंद्रभाऊ, तुम्ही टायरचं सांगा. मधला एखादा नाही का? दिसायला पातळ, बसायला नरम?

नंदिनी : असा तं जावईबी भेटत नाई.

भूपेंद्र : मधला नाई सर. अन उंचवाल्यात एक लोचा हाय. तुमच्या या मोठ्या रिमवर तो टाकला तं वर बॉडीले घासन. त्याले कंपनीचे लहान रिम लागते. ते हाय का तुमच्यापाशी?

प्रेमदास : अरेरे! ते तर मी तेव्हाच भंगारवाल्याला देऊन टाकले. आता काय करणार? इलाजच नाही. पातळच घ्यावे लागतील. मनावर दगड ठेवून घेतो.

नंदिनी : दगड नका ठेवू. मांगच्या सीटवरची गोधडी उचला.

प्रेमदास : ती काजलच्या पाठीला टेकायला आणली ना?

नंदिनी : उचला तं.

प्रेमदास : ...नंदिनी! रिम?

नंदिनी : दोन हे, दोन डिक्कीत. तुम्ही शाळेत गेले अन मी भंगारवाल्याले गल्लीच्या तोंडाशी गाठलं. म्हटलं, देऊन टाक बाप्पा वापस, आमच्या मास्तरचं पोरपण हाय, उतरन कधी ना कधी.

प्रेमदास : आणि मी रस्ताभर म्हणतोय, गाडी आज जड का चालते! मला वाटलं, मीच वाढलो.

भूपेंद्र : सर, बोला. कोणता टाकू?

प्रेमदास : उंचवाले टाका. हरलो. पण हे मोठे रिम भंगारात नका देऊ, दुकानात समोर टांगून ठेवा. येता-जाता पाहत जाईन.

(टायर बसवून झाले. गाडी आता हायवेवरून गावाच्या रस्त्याला. चालवायला प्रेमदास, शेजारी पुन्हा भरलेला गंज घेऊन नंदिनी, मागच्या सीटवर भूपेंद्र.)

भूपेंद्र : पाहा सर! आत्ता खड्डा गेला. कळला तरी का?

प्रेमदास : मला नाही कळला. खरंच, झोका दिल्यासारखं वाटलं.

नंदिनी : गंजाले कळला. हे पाहा, पदर भिजला.

प्रेमदास : थेंबभर तर आहे.

नंदिनी : विहीणबाईनं थेंबाचंच सांगतलं हाय.

प्रेमदास : मग आता काय, गाडीखाली गाद्या बांधू? भूपेंद्रभाऊ, हवा थोडी कमी करायची का?

भूपेंद्र : हवा बरोबर हाय सर. टायरचं काम टायरनं केलं.

नंदिनी : मी एक विचारू? गतिरोधक दिसला का तुम्ही पह्यले गाडी पळवता, अन जवळ आला का खचकन ब्रेक दाबता. काऊन?

प्रेमदास : सवय आहे.

नंदिनी : कायची सवय?

प्रेमदास : पळवल्यावर गाडीचा आवाज चांगला येतो.

नंदिनी : कोणाले?

प्रेमदास : मलाच. दुसरं कोण ऐकतं?

नंदिनी : मी ऐकून राह्यली नं! अहो, उद्या आवाज नाई पाह्यजे कोणाले. माझ्या मांडीवर गंज हाय असं समजूच नका. इथं काजल बसली हाय, पोटावर हात ठेवून. आता चालवा.

प्रेमदास : ...बरं.

भूपेंद्र : सर, तो सायकलवाला पुढं निघून गेला.

प्रेमदास : जाऊ द्या.

भूपेंद्र : सर, मांगं बैलबंडी हाय. बंडीवाला हात करून राह्यला, बाजूले घ्या म्हणते.

प्रेमदास : घेतो बाजूला. जा बाबा, सावकाश जा.

भूपेंद्र : अन ती दोन पोरं, पायी जाणारी, हात जोडून 'जयभीम सर' म्हणून राह्यली.

प्रेमदास : आठवीतली आहेत. लाल गाडीच्या पुढं पायी निघून गेली, हे उद्या शाळाभर होईल. होऊ द्या. नंदिनी, समोर गतिरोधक आहे, गंज नीट धर.

नंदिनी : नीट नाई धरत. नुसता ठेवते. तुम्ही चला.

प्रेमदास : गेलं पुढचं चाक. हं... मागचं पण गेलं. पाणी?

नंदिनी : हाललं.

प्रेमदास : सांडलं?

नंदिनी : नाई. नाई सांडलं! काठाले येऊन वापस गेलं. अहो... डोळे काऊन पुसून राह्यले?

प्रेमदास : काही नाही. छताची शेवई पडली डोळ्यात.

भूपेंद्र : सर, मी मांगं पाहून राह्यलो, शेवई अजून छतालेच हाय.

प्रेमदास : भूपेंद्रभाऊ, तुम्ही टायरचं पाहा.

नंदिनी : थांबा, काजलचा फोन हाय. स्पीकरवर टाकते. तुम्ही रस्त्याकडंच पाहा.

काजल : बाबा, सासूबाई विचारून राह्यल्या, उद्या खीर दाट करू का पातळ? दाट असली तं सांडणार नाई, म्हणे. त्यायच्या मनातबी दया आली वाटते.

प्रेमदास : पातळ करा म्हणावं. आणि काठोकाठ.

काजल : बाप्पा! एवढा भरवसा? टायर बदलले वाटते.

प्रेमदास : टायर बदलले. चालवणारा पण थोडा घासून घेतला तुझ्या आईनं.

काजल : मी तं पिशवी भरूनबी ठेवली, बाबा. जीपमध्ये नाई बसत मी, तुमच्याच गाडीत बसीन. कुठं हाय तुम्ही आता?

प्रेमदास : जामला. भूपेंद्रभाऊंना दुकानावर सोडतो आणि इथूनच आष्टीकडं निघतो.

काजल : आता? यायचं तं उद्या हाय नं?

प्रेमदास : हो माय. बैलबंडीच्या चालीनं येतो, म्हणूनच आता निघून राह्यलो.