भाजीच्या गाड्याचा कूलर

छावणी भागात भाजीचा गाडा लावणारी गौहर क्रांती चौकात बसची वाट बघत होती. पुढं उभ्या कॉलेजच्या दोन पोरींच्या गप्पांकडं तिचा कान लागला होता.

"तनुजा, उद्याच्या तासाची केस स्टडी वाचली का? लई भारी हाय! कूलरची कंपनी. इंजिनिअर म्हणतो, छोटा कूलर काढू. साहेब म्हणतात, मोठा खपतोय ना, मग कशाला?"

"मग गं?"

"मग तो गेला दुसऱ्या कंपनीत! तिथं त्याचाच छोटा कूलर घरोघरी पोचला, अन् ही कंपनी बसली!"

"असले कसले साहेब? हातातली आयडिया घालवली!"

"तेच तर! मी वर्गात त्या साहेबांना सोडणार नाय."

"थांब, संस्कृती. आपल्या प्रोजेक्टला कृष्णा काय सुचवत होता?"

"भाजीच्या गाड्यावर कूलर. उन्हात भाजी सुकू नये म्हणून."

"अन् आपण काय म्हणालो?"

"सगळे ॲप करतायत, आपणबी ॲपच करू... अरे देवा!"

"आपणच ते साहेब!"

"फोन लाव त्याला! कूलरच करायचा!"

"लावला. हॅलो कृष्णा, ऐक ना, तुझा कूलर... काय? विश्वजीतच्या ग्रुपात? कधी?"

"गेला?"

"गेला! कूलर तयारबी झाला म्हणतोय. आता लावून बघायला भाजीचा गाडा शोधतायत."

बस आली. गौहर चढली नाही.

"बेटा, फोन ठेवू नको. इकडं दे."