नमुना पसंत

सासरे : ...म्हणून चौथा प्लॅटफॉर्मही बाद.

सून : आता तो का, बाबा?

सासरे : मी रीतसर पत्र पाठवलं होतं, ऑनलाइन दुकान काढायचंय, तुमचे दर मोहोरबंद पाकिटातून कळवा. उत्तर काय आलं? 'नमस्कार, मी आपली आभासी मदतनीस!' खाली सही नाही, शिक्का नाही.

सासू : अहो, माझ्या कापडी पिशव्या विकायच्यात. धरण नाही बांधायचं.

सासरे : खरेदी खात्यात बत्तीस वर्षं काढलीत मी. तीन दरपत्रकं आल्याशिवाय टाचणीसुद्धा घेतली नाही.

सासू : म्हणूनच तुमच्या ऑफिसात लोक कागद हातात धरून बसायचे.

सासरे : हसा. पण चुकीचा प्लॅटफॉर्म एकदा गळ्यात पडला की मग निस्तरत बसा!

सासू : अकरा महिने झाले. दिवाणाखाली पिशव्या, कपाटावर पिशव्या. मी विचारलं रे विचारलं की तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढतो.

सून : हल्ली दिवाणाखाली बरीच जागा झालीय, नाही का हो आई?

सासू : तू गप गं.

सासरे : तर ऐका. निर्णय झालाय.

सासू : काय सांगता!

सासरे : सात प्लॅटफॉर्म, एकवीस रकाने. सहावा पास. त्याची तपासणी मी जातीने केली. तिथल्या एका दुकानातून नमुना मागवला, तोसुद्धा आमच्या जुन्या हेडक्लार्कच्या नावाने, त्याच्याच पत्त्यावर. विक्रेत्याला सुगावा लागता कामा नये.

सून : सहावा म्हणजे... तो वर हिरवी पट्टी असलेला?

सासरे : तोच. तुला कसा माहीत?

सून : असंच, कुठेतरी पाहिला. काय मागवलंत?

सासरे : पिशवीच. ही बघा.

(पिशवी टेबलावर येते. सासू-सून एकमेकींकडे बघायचं टाळतात.)

सासू : बरी आहे.

सासरे : नुसती बरी? अगं, हात लावून बघ. मी शेरा लिहिलाय, ऐक. 'शिलाई एकसारखी. अस्तर मजबूत. बंदांना दुहेरी टाके. कुठे दोरा लोंबत नाही. करणारीच्या हातात कसब आहे आणि कामात जीव आहे.'

सासू : कामात काय आहे?

सासरे : जीव.

सासू : पुढे वाचा.

सासरे : 'आत चष्म्यासाठी वेगळा कप्पा. बाई कल्पक दिसते.' विक्रेत्याचं नाव कुठे दिलेलं नाही, त्याचा मात्र मी एक गुण कापलाय.

सासू : तिच्या घरी कुणीतरी रोज चष्मा हरवून घर डोक्यावर घेत असेल.

सासरे : असतात असली माणसं. आता मुद्द्याचं बोलतो, वाईट वाटून घेऊ नकोस. ही बाई बाजारात असताना तुझा निभाव लागणं कठीण आहे. तू करतेस हौसेने, पण हिची गोष्टच वेगळी. माझं मत आहे, आपण दुकान काढूच नये. तेही खाली लिहिलंय.

सून : बाबा, अहो—

सासू : थांब गं. अकरा महिन्यांनी हे मत?

सासरे : चार लोकांत तुझं हसं झालेलं मला बघवणार नाही. खरं सांगू? एकेका प्लॅटफॉर्मात खोट सापडली ना, की मला सुटल्यासारखं वाटायचं.

सासू : माझी एक तरी पिशवी कधी उघडून पाहिलीत?

सासरे : घरातल्याच तर आहेत. त्यात काय बघायचं?

सासू : सूनबाई, कपाटावरची ती निळी काढ. शेवटची उरलीय. हं, घ्या. घाला आत हात.

सासरे : हा... हा तर तोच कप्पा.

सून : बाबा, आम्ही दुकान काढून तीन महिने झाले. तुम्ही तक्त्यात इतके रमला होतात, की सांगवेना. तुमच्या हेडक्लार्कचं पार्सल मीच बांधलं.

सासरे : आणि प्लॅटफॉर्म कसा निवडलात?

सून : पहिला जो उघडला, तो.

सासरे : दरपत्रकं?

सासू : नाहीत.

सासरे : निदान दोन तरी?

सासू : एकही नाही.

सासरे : चुकलोच मी. फार चुकलो गं. हा कागद फाडूनच टाकतो.

सासू : खबरदार! चौतीस वर्षं संसार केला, तेव्हा कुठे एवढ्या चार ओळी आल्यात वाट्याला. खालचं मत तेवढं खोडा.

सासरे : आणि वरचं?

सासू : त्याच्याखाली सही करा. तारीख घालून.