इनुईसानांच्या केबलच्या पेट्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे संचालक हिराओकासान, व्यासपीठावरचे विभागप्रमुख त्सुजिसान, प्रतिस्पर्धी कंपनीतून खास ओसाकाला आलेले नागामोरीसान, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती इनुईसान, आणि बिअरचे ग्लास धरून कधीचे ताटकळलेले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

वक्त्यांमध्ये माझं नाव नव्हतं. आत्ताच आपण पडद्यावर इनुईसानांच्या सौभाग्यवतींचा संदेश पाहिला. पाहिला, ऐकला नाही. आवाज सुरू होईपर्यंत कोणीतरी बोलत राहावं म्हणून मला उभं केलंय.

प्रकरण गंभीर आहे. इनुईसानांनी टीव्हीच्या जोडण्या तपासण्यात उभी हयात घालवली आणि बाद झालेली प्रत्येक केबल घरी नेली. आधी पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांच्या तिघी बहिणी. मग चित्र स्वच्छ दाखवणारी, पण आवाजाला वेगळी वायर मागणारी. मग इंग्रजी डी अक्षरासारख्या तोंडाची. शेवटी चित्र आणि आवाज, दोन्ही डिजिटल करून एकाच वायरीतून नेणारी एचडीएमआय आली. आम्हाला वाटलं, सुटलो! कसलं काय? दर काही वर्षांनी तिचीही नवी, वेगवान आवृत्ती. तोंड तेच, पोट वेगळं. गिऱ्हाईक दुकानात भांडतं, "बसते तर आहे, मग चालत का नाही?" तीही बिचारी पेटीत.

या पेट्यांपायी इनुईसानांच्या घरात पाहुण्याची गादी पसरायला जागा राहिली नाही. निवृत्तीनंतर पेट्या राहणार की जाणार, याचा निकाल बाईंनी याच संदेशात दिलाय. स्वतः मैत्रिणींबरोबर बेप्पूच्या गरम पाण्याच्या कुंडात बसल्यात, फोन बंद. आपल्याला दिसली ती फक्त हलणारी मान. होकार की नकार? पुढच्या रांगेचं मत होकार, मागच्या रांगेचं नकार. इनुईसानांचा चेहरा तर बघवत नाही.

आवाज का येत नाही? टीव्ही आमचा, अ‍ॅम्प्लिफायर नागामोरीसानांच्या कंपनीचा. हल्ली त्याच एचडीएमआय केबलमधून आवाज टीव्हीकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे उलटाही जातो. त्यासाठी दोघांपैकी एकाने "सुरू करूया का?" असं विचारायचं असतं. कोणीही विचारलं तरी नियमात बसतं. आमच्याकडे ठरलं, पाहुण्याला आधी बोलू द्यावं. त्यांच्याकडे ठरलं, यजमानाच्या आधी तोंड उघडणं बरं दिसत नाही. दोन्ही यंत्रं अदबीने गप्प!

आणि माणसं? मघाशी माझ्या मागे काय चाललं होतं, ऐकलंत ना?

"नागामोरीसान, अ‍ॅम्प्लिफायर तुमचा. तुम्हीच बघा ना."

"छे छे, त्सुजिसान! टीव्ही तुमचा. मी हात लावणं शोभेल का?"

"मग संचालकसाहेब..."

"माझ्या आधी तुम्ही."

मी हसते आहे खरी, पण मी तरी कुठे पुढे झाले? हातात माईक आहे ना, अशी स्वतःची समजूत घालते आहे.

(इनुईसान उठतात.)

अहो इनुईसान, बसा! सत्कारमूर्तींनी आज काम करायचं नसतं.

"गेला खड्ड्यात सत्कार, कुमेदासान! बायको काय म्हणाली ते कळू दे मला!"

आणि खुर्चीखालून हे काय काढलंत? पेटी? निरोपाला पेटी आणलीत?

"निकाल विरुद्ध गेला तर तुम्हा सगळ्यांत वाटून टाकणार होतो. सरका जरा. ही लाल-पांढरी जोडी बघा. नुसता आवाज नेते. हिला रीतभात नाही, कोणाची परवानगी मागत नाही. टीव्हीला एक टोक, अ‍ॅम्प्लिफायरला दुसरं. लावा पुन्हा तो संदेश!"

(संदेश पुन्हा लागतो. या वेळी आवाज येतो.)

"अहो, ऐका. एवढ्या वर्षांत या पेट्यांतली एक तरी वायर कोणाच्या उपयोगी पडली का? पडली असेल तर चारचौघांत दाखवा, मी पेट्यांबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाहीतर सगळ्या कचऱ्याच्या गाडीत!"

मंडळी, टाळ्या जरा थांबवा. बाईंचा हा शब्द नेमका कोणत्या वायरीतून आपल्या कानांवर आला, याला हे अख्खं सभागृह साक्षीदार आहे. तसं लिहून त्यावर सह्या करू आणि बेप्पूला पाठवू. इनुईसान, डोळे पुसा. पेट्या राहिल्या. पाहुण्यांना म्हणावं, उभ्याने झोपा.

आपण सर्वांनी मला सहन केलंत, आभारी आहे. मान्यवरांबद्दल बोलताना जीभ जरा सैल सुटली, ते पोटात घाला. आता ग्लास उचलूया. आणि कृपा करून, आधी कोणी, हे कोणीही कोणाला विचारू नका.