रुमालाखालचं विमान

इंदापूर स्टँडच्या एसटीडी बूथवर कळसच्या सिंधुबाई नंबर लावून उभ्या होत्या. पुढं डाळिंबांचे व्यापारी बादशाहभाई विमान कंपनीचा फोन ठेवून बायकोकडं वळले.

“फुकटची सीटच न्हाय म्हणत्यात, सुरैय्या.”

“पाच वर्सं त्यांच्याच विमानानं फिरताय, म्हणून त्यांनीच बक्षीस दिलं ना? तिकडं शारजात आपली लेक सुहाना बाळंत व्हायचीय.”

“त्या बक्षिसाच्या कार्डाचा नंबर सांगितला की कंचं विमान मोकळं हाय, तेच सांगत न्हाईत. आधी सांगायचे.”

“भाई,” मागून सिंधुबाई म्हणाल्या, “मेंढरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत्यात, अन् ओळखीच्यापासनंच तो झाकत्यात. मग आमी अनोळखी माणूस पुढं करतो. आणा फोन.”

सिंधुबाईंनी रिसीव्हर कानाला लावला.

“सायेब, आमी कळसची चाळीस माणसं. शारजाला जायचंय. कंचं विमान मोकळं हाय?... शुक्करवारचं? निम्मं मोकळं? घरी इचारून सांगते.”

बादशाहभाईंनी पुन्हा नंबर फिरवला.

“कार्डवाला बादशाह बोलतोय. शुक्रवारी बक्षिसाची एक सीट द्या. भरलंय म्हणू नका, आत्ताच तुमी कळसच्या चाळीस माणसांना निम्मं विमान देत होता... व्हय. सीट मिळाली, सुरैय्या, लिहून घे.”

“अन् मावशी, ती चाळीस माणसं?” सुरैय्यानं सिंधुबाईंना विचारलं.

“त्यांना मेंढरं सोडून कुठं येता येतंय.”