गोल दिसणाऱ्या आठशे पिना

अध्यक्षस्थानी असलेले आपले मालक माननीय दीनानाथसाहेब, आजचे सत्कारमूर्ती अय्युबसर, त्यांच्या शेजारी बसलेल्या अख्तरबानूभाभी, आणि चहा समोर दिसत असूनही शांत बसलेले माझे सहकारी, सर्वांना अपेक्षाचा नमस्कार.

तपासनीस म्हणून एकतीस वर्षं सरांनी या बिबवेवाडीच्या कारखान्यातून ब्रेकची एकही सदोष पिन बाहेर जाऊ दिली नाही. उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी बसणार. आठ दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही, हे आधीच सांगून टाकते.

सर शिकवायचे कसे? पहिल्याच दिवशी टेबलावर खडूनं गोल काढला आणि म्हणाले, "हा गोल नाही." सदाशिव पेठेतल्या कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी ऐकलं होतं, की जुने ग्रीक तत्त्वज्ञ म्हणत, खरा गोल डोळ्यांना दिसतच नाही, बुद्धीलाच कळतो, आपण काढतो, बनवतो, त्या सगळ्या त्याच्या नकला. मी आगाऊपणे विचारलं, "मग सर, तुम्ही तरी पाहिलाय का तो?"

"नाही. पण हा तो नव्हे, एवढं कळतं. त्याचाच पगार मिळतो."

सर पिना दोनदा तपासत. आधी मायक्रोमीटर, मग व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवून डायलखाली फिरवत; पिन खरी गोल असेल, तर डायलचा काटा हलत नाही. का? मायक्रोमीटर फक्त समोरासमोरचं अंतर मोजतो. पिन किंचित तिकोनी असली, तरी कुठूनही मोजा, आकडा तोच. दिसायला गोल, मापाला गोल, आणि गोल नाहीच. सर फिरवत बसले की आम्ही मागे हसायचो, निघाले ग्रीसला.

काल या समारंभाची गडबड होती, तपासणी सरांनी माझ्यावर सोपवली होती. आठशे पिनांचा लॉट आला. मी नुसता मायक्रोमीटर लावला, आकडे बरोबर आले, सही ठोकली. आज सकाळी राहवेना, म्हणून बाजूला ठेवलेल्या नमुन्यातली एक पिन फिरवून बघितली. काटा हलला. दुसरी घेतली. तिचाही हलला.

सकाळपासून हे मी कुणालाच बोलले नाही. सरांच्या निरोपात विघ्न नको, असं मनाला समजावत होते. ते खोटं आहे. खुर्ची जाईल, याची भीती वाटत होती. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले, माझं सगळं लक्ष फाटकाकडे. माल भरलेला टेम्पो चहानंतर सुटणार आहे. त्या पिना कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये बसतील हो.

दीनानाथसाहेब, टेम्पो थांबवा. खुर्चीचं काय ते उद्या ठरवा.

सर, तुम्ही उठू नका. अहो, हार कशाला काढताय? भाभी, यांना बसवा. आठशेच्या आठशे मी फिरवून बघते.

आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. पिनांचं मात्र घालू नका.